बेड ग्राइंडिंग आणि स्क्रेपिंग, जळगाव एमआयडीसी: रेल घेण्याआधी इथला खर्च धरा

मशीनची गाडी ज्या पोलादी रेलवरून सरकते, त्या रेल ज्या बेडवर (खालच्या सांगाड्यावर) बसतात, तो बेड सपाट करून देणाऱ्या दुकानाचं हे. ग्राइंडिंग म्हणजे फिरत्या दगडाने घासणं, स्क्रेपिंग म्हणजे उंच जागा हाताने खरवडणं. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकच म्हणाले, ‘भाऊ, नेटवर नाव नका टाकू, आहे तेच काम उरकत नाही.’ पण अजिंठा रोडवरून एमआयडीसीत आत शिरा आणि कुठल्याही लेथवाल्याला ‘स्क्रेपिंगवाले आप्पा’ विचारा, तो हात करून रस्ता दाखवेल. बाहेर पाटी आहे, पण तिच्यावरची अक्षरं उन्हाने कधीच उडालीत.

आमचं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही प्लॅस्टिक फिटिंगच्या मोल्डच्या प्लेटा मिलिंग करायला एक गॅन्ट्री मशीन, म्हणजे बेडवर आडवा पूल असलेलं मशीन, बांधत होतो. जळगावात ठिबक, पाइप आणि चटईच्या धंद्यामुळे मोल्डचं काम बारमाही असतं. दर वेळी प्लेट पुण्याला पाठवायची आणि तिथल्या तारखांची वाट बघायची, याचा कंटाळा आला होता. बेड एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, २०० बाय १०० च्या चौकोनी पाइपचा. वर २५ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या वेल्ड केलेल्या, त्यांवर हायविन कंपनीच्या २५ साइझच्या रेल बसणार. रेल १६०० मिमी लांब, ६० च्या पिचने भोकं, म्हणजे एका रेलला सत्तावीस बोल्ट. वेल्डिंग झाल्यावर फ्रेम वाळूजला नेऊन भट्टीत सहाशेच्या वर तापवून सावकाश थंड करून आणली. अजिंठा घाटातून ती नेताना-आणताना ड्रायव्हरने आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणी प्लॅनो मिलरवर (मोठ्या मिलिंग मशीनवर) पट्ट्या मिलिंग करून घेतल्या. दिसायला फेस आरशासारखा आला. रेल ठेवल्या, बोल्ट आवळले, रेलवर ब्लॉकांच्या आधाराने सरकणारी गाडी ढकलली. टोकांना हलकी, मध्ये जड. ताणकाटा लावून ओढली तर टोकांजवळ दोन किलोला सरकत होती आणि मधल्या हातभर अंतरात साडेचार किलो मागत होती. ब्लॉक चार, चारही नवे, मग दोष कुणाचा?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण नवीन मशीन बांधणारे बहुतेक जण इथेच फसतात. रेल कारखान्यातून ग्राइंड होऊन येते म्हणून ती स्वतः सरळ राहील आणि खालचा उंचसखलपणा सांभाळून घेईल, असं धरलं जातं. प्रत्यक्षात २५ ची रेल दीड मीटर लांबीला चांगलीच लवचिक असते. सत्तावीस बोल्ट आवळले की ती खालच्या पट्टीला चिकटते आणि पट्टीचा आकार घेते. पट्टीत खड्डा असेल तर रेलमध्ये खड्डा, पट्टीला बाक असेल तर रेलला बाक. मग दोन रेलमधलं अंतर मध्येच कमी-जास्त होतं, ब्लॉकमधल्या गोट्या एका बाजूने दाबल्या जातात आणि वीस वर्षं टिकणारी वस्तू दोन वर्षांत खडखडायला लागते. कॅटलॉगमध्ये याचा तक्ताच दिलेला असतो. प्रीलोड म्हणजे ब्लॉकमधल्या गोट्या आधीच किती दाबून बसवल्या आहेत ते. २५ साइझला ZA वर्गाच्या प्रीलोडसाठी दोन रेलच्या समांतरतेत २२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) सूट आहे. सगळ्यांत हलक्या Z0 ला ३०. वहीचा एक कागद शंभर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे कागदाच्या चौथ्या हिश्श्यात सगळा कारभार बसवायचा.

तर फ्रेम छोट्या हत्तीत टाकून आप्पांकडे नेली. पहिलाच अनुभव असा, की त्यांनी मशीन चालू केलंच नाही. फ्रेम उतरवून घेतली आणि म्हणाले, उद्या या. आम्ही म्हटलं निदान डायल (बारीक फरक दाखवणारा काटा) तरी लावा. ते म्हणाले, गाडीत उन्हातून आली आहे, एका बाजूने तापली आहे, आता मोजलं तर खोटं दिसेल. सकाळी पत्रा तापायच्या आत मोजू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गेलो. फ्रेम तीन जॅकवर ठेवलेली. एका टोकाकडे दोन, दुसऱ्या टोकाकडे मधोमध एक, आणि दोन्हीकडे टोकापासून साधारण साडेतीनशे मिमी आत. चारावर ठेवली की चौथा पाय एकतर अधांतरी राहतो नाहीतर फ्रेमला पीळ देतो. तिनावर ती जशी आहे तशीच बसते. अंतरही अंदाजाने धरलेलं नव्हतं. लांबीच्या साधारण बावीस टक्के आत टेकू दिला की स्वतःच्या वजनाने येणारा झोल सगळ्यांत कमी राहतो, हे त्यांना पाठ आहे.

मग स्पिरिट लेव्हल. आपल्या गवंड्याकडची नाही, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी. तिच्याखाली २०० मिमी अंतरावर दोन पाय असलेली बिडाची पट्टी. एक घर सरकलं म्हणजे त्या २०० मिमीत ४ मायक्रॉनचा चढ किंवा उतार. लेव्हल पुढे सरकवायची, बुडबुडा थांबेपर्यंत हात लांब ठेवायचा, आकडा लिहायचा, पुन्हा दोनशे पुढे. १६०० मध्ये आठ मुक्काम. आकड्यांची बेरीज करत गेलं की पट्टीचा उभा आलेख कागदावर उतरतो. आमची पट्टी मध्ये ९० मायक्रॉन उचललेली निघाली. आणि दुसरी पट्टी पहिलीच्या तुलनेत पीळ खाल्लेली.

मी म्हटलं, अहो मिलिंगवाल्याने टेबलावर डायल फिरवून दाखवला होता, काटा हलत नव्हता. आप्पा मूळचे धुळ्याकडचे, रंगात आले की अहिराणीत शिरतात. म्हणाले, ‘आवळेल शे भाऊ, मंग सरळच दखाई ना!’ झालं असं होतं, की वाकडी फ्रेम क्लॅम्पने टेबलावर दाबून बसवली, दाबलेल्या अवस्थेत वरून सपाट कापली, तिथेच मोजली. क्लॅम्प सुटले, फ्रेम आपल्या मूळ वळणावर गेली आणि कापलेला फेस सोबत घेऊन गेली. मशीनवर मोजलेलं माप म्हणूनच मी आता मानत नाही. क्लॅम्प सोडून, टेकूवर ठेवून मोजा आणि मग दाखवा.

ग्राइंडिंगचं मशीन बघून नवखा माणूस परत फिरेल. जुना बिडाचा प्लॅनर आहे, त्यावर ग्राइंडिंग हेड चढवलेलं. रंग कुठला होता ते ओळखू येत नाही. पण त्याच्या टेबलाखालच्या वे (टेबल सरकतं त्या वाटा) स्वतः आप्पांनी स्क्रेप केलेल्या आहेत, आणि तेल उगाच सांडत नाही, नीट वाहतं. फ्रेम त्यावरही तीनच ठिकाणी टेकवलेली, क्लॅम्प बरोबर टेकूच्या डोक्यावर, म्हणजे आवळलं तरी फ्रेम वाकायला जागा नाही. प्रत्येक क्लॅम्प आवळताना बाजूला डायल लावून ठेवला होता. काटा दोन मायक्रॉनपेक्षा जास्त हलला की सोडून खाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याचा तुकडा. हे काम पाहायला मजा येते, पण वेळ खातं. मुलगा एक क्लॅम्प आवळतो, आप्पा काट्याकडे बघतात, मान हलते, पुन्हा सोडतो.

एका पासला पाच ते दहा मायक्रॉन. कूलंट भरपूर. शेवटचे पास काहीच न उतरवता, ठिणग्या संपेपर्यंत नुसते फिरवलेले. दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये, फ्रेम न हलवता, आणि मास्टर रेलचं (जिच्यावरून दुसरी जुळवायची तिचं) शोल्डरही त्याच सेटिंगमध्ये. हा मुद्दा मोठा आहे. शोल्डर म्हणजे रेलची कड टेकायची उभी पायरी. २५ साइझला ती ५ मिमी उंच लागते आणि कोपऱ्यातली गोलाई १ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, नाहीतर रेलची कड कोपऱ्यावर चढून बसते आणि आपण समजतो टेकली. आप्पांनी कोपऱ्यात बारीक खाच आधीच मारून घेतली होती, त्यामुळे गोलाईचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या पट्टीला शोल्डर केलंच नाही. दोन शोल्डर एकमेकांना दोन-चार मायक्रॉनमध्ये समांतर करायला जे पैसे जातात ते वाया आहेत, असं त्यांचं मत. पहिली रेल शोल्डरला दाबून पक्की करायची आणि दुसरी तिच्यावरून डायल फिरवून सरळ करायची. मला पटलं. मोठ्या कंपन्या दोन्हीकडे शोल्डर करतात, पण त्यांना दिवसाला अनेक मशीन जुळवायची असतात. आम्हाला एकच करायचं होतं.

एका बाबतीत मात्र ते चिडले. आम्ही टॅपिंग (भोकांत आटे पाडणं) मिलिंगनंतर केलं होतं आणि भोकांच्या तोंडाला चँफर, म्हणजे तिरकी मारलेली कड, नव्हता. त्यांनी भोकावर नख फिरवायला लावलं. काही लागलं नाही. मग तेलदगड घेऊन हलका फिरवला, तर प्रत्येक भोकाभोवती चकचकीत कडं उमटलं. टॅपने उचललेली कड. वर बोल्ट आवळला की पहिला आटा आणखी वर ओढला जातो, आणि रेल सगळ्या फेसवर न बसता सत्तावीस कड्यांवर बसते. त्यांनी सगळी भोकं मोठ्या ड्रिलने खोलगट करून दिली, आणि त्याचे पैसे वेगळे लावले. काम नेण्याआधी टॅपिंग आणि चँफर पुरं करून न्या, तेवढे पैसे वाचतील.

स्क्रेपिंगची बाजू या दुकानाची खरी ख्याती. बिडाच्या लांब स्ट्रेट एजला (सरळपणा तपासायच्या पट्टीला) निळा रंग अगदी पातळ पुसायचा, ती एज बेडच्या पट्टीवर ठेवून बोटभर पुढे-मागे करायची, उचलायची. उंच जागी निळे ठिपके उमटतात. कार्बाइडच्या टोकाचं स्क्रेपर कमरेला टेकवून ढकललं की त्या ठिपक्यावरून बारीक कीस निघतो. एका घावाला दोन-चार मायक्रॉन. पुन्हा रंग, पुन्हा बघायचं, पुढची फेरी आडवी. आमच्या बेडला एका टोकाकडे ग्राइंडिंगनंतरही थोडा उतार राहिला होता, तो त्यांनी हाताने काढला. मी हौसेने म्हटलं, सगळाच फेस स्क्रेप करून द्या, चौरस इंचाला वीस पॉइंट, म्हणजे टेकणारे ठिपके. त्यांनी नकार दिला. वीस पॉइंट सरकणाऱ्या वेला लागतात, तिथे तेल धरायला खळगे हवेत. रेल बोल्टने घट्ट बसणार, तिच्याखाली काही सरकणार नाही. ग्राइंड केलेला फेस उत्तम, स्क्रेपर फक्त चूक काढण्यापुरता. पैसे मिळत असताना काम नाकारणारा माणूस एमआयडीसीत मला तरी विरळाच भेटलाय.

त्यांच्याकडे स्ट्रेट एज तीन आहेत, एकाच लांबीच्या. दोन एकमेकींना जुळल्या म्हणजे सरळ असतीलच असं नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी निळा रंग सगळीकडे लागतो. तिसरी आली की लबाडी उघडी पडते. तिन्ही आपापसात जुळल्या तरच तिन्ही सरळ. १८४० मध्ये इंग्लंडच्या व्हिटवर्थने हीच तीन प्लेटांची रीत विद्वानांच्या सभेपुढे मांडली होती. आप्पांना व्हिटवर्थ हे नाव फक्त आट्यांमुळे माहीत आहे, पण पावसाळा सरला की तिन्ही एज काढून एकमेकींवर घासून बघायचा त्यांचा नेम आहे.

आता उन्हाचं. बाहेरगावच्या वाचकांना हा भाग विनोदी वाटेल. मापाचं जगमान्य तापमान २० अंश. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीस गाठतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वाईट. सगळं लोखंड सारखं तापलं तर फारसं बिघडत नाही, रेल आणि बेड दोन्ही सोबत वाढतात. घोळ होतो तो वरची बाजू तापली आणि खालची थंड राहिली की. २०० मिमी उंचीचा १६०० लांब बेड घ्या. वरचा भाग खालच्यापेक्षा फक्त दोन अंशांनी गरम झाला, तरी मध्ये सुमारे ३७ मायक्रॉनची कमान येते. म्हणजे त्या २२ मायक्रॉनच्या सुटीपेक्षाही जास्त. म्हणून आप्पा उन्हाळ्यात शेवटचे पास आणि मोजमाप पहाटे करतात, आणि दुपारी जाडं-भरडं काम. एअर कंडिशन खोली त्यांच्याकडे नाही. ती कमी त्यांनी वेळापत्रकाने भरून काढली आहे, पण ज्यांना पाच मायक्रॉनच्या आतलं काम हवंय त्यांनी सरळ पुण्याची वाट धरावी.

ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलवर रेल बसवणाऱ्या पोरांनीही हे ऐकून ठेवा. ॲल्युमिनियम स्टीलच्या दुप्पट वाढतं. डिसेंबरच्या पहाटे आवळलेलं मशीन मे महिन्यात तीस अंश वर गेलं की मीटरला साधारण ०.३५ मिमीचा फरक पडतो. रेल वाढायला तयार नाही, प्रोफाइल थांबायला तयार नाही, मग दोघं मिळून वाकतात. आप्पा असलं काम घेतच नाहीत. मी इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारं रसायन) ओतून फेस करण्याचंही विचारलं होतं. लहान लाकूडकामाच्या राउटरला चालेल म्हणाले, पण आपल्या उन्हात इपॉक्सी पसरून पातळी घेण्याआधीच भांड्यात घट्ट व्हायला लागतं, आणि कडांना वर चढतं ते वेगळंच.

निकाल सांगतो. पट्ट्या पूर्ण लांबीत १२ मायक्रॉनमध्ये आल्या, दोघींच्या पातळीतला फरक १० च्या आत. हे आकडे त्यांनी सांगितले म्हणून नव्हे, आमच्या वर्कशॉपमध्ये फ्रेम स्वतःच्या पायांवर उभी केल्यावर पुन्हा लेव्हल मागवून बघितले. फेसवर तेलदगड फिरवला, रॉकेलने पुसला, रेल ठेवली. रेलच्या डोक्यावरचा बाण शोल्डरकडे करायचा, ती तिची ग्राइंड केलेली कड. मधल्या बोल्टपासून दोन्ही टोकांकडे जात, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. एम ६ ला स्टीलमध्ये १३.७ न्यूटन मीटर. बिडात बसवत असाल तर ९.२ वर थांबा. ताणकाटा पुन्हा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन किलो, मध्ये कुठेतरी सव्वादोन. गाडी बोटाने ढकलली की जाते आणि ढकलणं थांबवलं की थांबते.

पैसे जीएसटीसकट साडेअठरा हजार गेले. दोन रेल आणि चार ब्लॉकला जे मोजले त्याच्या निम्मे. मिलिंगला आधी घातलेले वेगळे. महाग वाटेल, पण पुण्याला पाठवलं असतं तर जाण्या-येण्याच्या भाड्यातच यातला मोठा हिस्सा गेला असता, आणि वाटेतल्या खड्ड्यांनी फ्रेमचं काय केलं असतं कुणास ठाऊक.

तक्रारीही आहेत. तारीख पाळत नाहीत. ‘गुरुवारी घेऊन जा’ म्हणजे पुढच्या आठवड्यातला कुठलातरी वार. फोन उचलत नाहीत, कारण हात निळे असतात, हे खरं असलं तरी गिऱ्हाइकाने काय करायचं? मोजमापाचा अहवाल म्हणून ग्राइंडिंग व्हीलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलेले आकडे मिळाले. आकडे खरे निघाले, पण कंपनीला माल देणाऱ्याला असा पुठ्ठा फाइलला लावता येत नाही. फेसवर गंजरोधक तेल फारच पातळ लावलं होतं. पावसाळ्याचे दिवस, फ्रेम दोन रात्री आमच्याकडे झाकून पडली आणि एका कडेला तांबूस ठिपके आले. दगडाने निघाले. तरी नेतानाच तेलाचा डबा आणि प्लॅस्टिकचा कागद सोबत ठेवा.

कुणी जावं? मोल्ड, डाय, मिलिंग, ग्राइंडिंगचं मशीन बांधणाऱ्याने डोळे झाकून. प्लाझ्मा कटर किंवा ठिबकच्या पाइपला भोकं पाडणारं मशीन करणाऱ्याने जाऊ नये. तिथे चांगलं मिलिंग आणि प्रीलोड नसलेले ब्लॉक पुरतात, आणि आप्पाही तेच सांगून परत पाठवतील. जाताना ड्रॉइंगसोबत रेलच्या कॅटलॉगचं पान न्या, मास्टर रेल कुठली ते खडूने फ्रेमवर लिहा, आणि मशीन शेवटी किती पायांवर उभं राहणार ते आधी ठरवून जा. पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या फ्रेमला सहा पाय होते, त्यांतले तीन खरे भार घेणारे आणि बाकीचे नुसते टेकणारे करा, असं त्यांनी ड्रॉइंगवरच आखून दिलं.

एक टनाच्या वरची वस्तू असेल तर हायड्रा (क्रेन) आपला आणावा लागतो. दारात वळायला जागा कमी आहे, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. समोरच्या टपरीवर चहा बरा मिळतो, जेवायचं असेल तर हायवेला येऊन शेवभाजी खा.